रिपोर्ट आला, आता त्याला सांगा

एलडी म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, अध्ययन अक्षमता, बुद्धी ठीक असून वाचन, लेखन किंवा गणित जमत नाही ते. तिचा रिपोर्ट हातात आला की पालक साधारण दोन गोष्टी विचारतात. एक, दहावीच्या परीक्षेत कन्सेशन, म्हणजे सवलत मिळेल ना. आणि दुसरी जरा आवाज खाली करून, कारण मुलगा बाहेर बाकावर बसलेला असतो, की मॅडम हे त्याला कळायला नको ना, आम्ही त्याला सांगितलंय की असंच टेस्टिंग आहे, सगळ्यांचं करतात.

मी डोंबिवलीत रेमेडियल घेते, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने वाचन-लेखन-गणित शिकवते, त्याआधी बरीच वर्षं शाळेत विशेष शिक्षिका होते, आणि या दुसऱ्या प्रश्नावर माझं मत एकदम पक्कं आहे म्हणून ते एकदाचं नीट लिहून टाकते. कळायला हवं. सगळ्यात आधी त्यालाच कळायला हवं. काउन्सेलिंग, मानसिक आरोग्य, सपोर्ट हे सगळं आहेच, त्यावरही लिहिणार आहे, पण आपल्याला नक्की काय होतंय हेच ज्या मुलाला माहीत नाही त्याला सपोर्ट द्यायचा तरी कशासाठी म्हणून द्यायचा?

लपवण्यामागे पालकांचा हेतू वाईट नसतो हे मला माहितीये. शिक्का बसेल अशी भीती असते. सोसायटीत कळेल, नातेवाईक विचारतील, मुलगी असेल तर आजी लगेच लग्नापर्यंत पोचते. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे मुलाला कळलं की तो प्रयत्न सोडून देईल, "मला एलडी आहे, मला नाही येणार" असं म्हणून हातपाय गाळून बसेल. मी पाहिलेलं मात्र बरोब्बर उलटं आहे. हातपाय गाळून बसलेली मुलं ती असतात ज्यांना कोणी काहीच सांगितलेलं नसतं.

कारण असं बघा की मूल रिकामं थोडीच बसलेलं असतं तुमच्या रिपोर्टची वाट बघत. एलडीचं सर्टिफिकेट आठ वर्षांच्या आधी मिळत नाही, म्हणजे साधारण तिसरीपर्यंत थांबावं लागतं, आणि त्याला तसं कारणही आहे, लहान वयात वाचन उशिरा येणं आणि अध्ययन अक्षमता असणं यातला फरक नीट कळत नाही. पण ते मूल पहिलीपासून रोज शाळेत जातच असतं. शेजारचा धडाधडा वाचतोय आणि आपल्याला ओळ सापडत नाहीये हे त्याला पहिलीच्या दिवाळीच्या आतच कळलेलं असतं. वर आपण असतोच ऐकवायला, लक्ष नाही, आळशी आहे, मोबाइल बरा समजतो, ताईकडून शिक जरा. आठव्या-नवव्या वर्षी सायकॉलॉजिस्टकडे पोचेपर्यंत त्याने स्वतःचं निदान स्वतःच करून टाकलेलं असतं आणि ते एका अक्षराचं असतं. ढ. आता तुम्ही जर खरं निदान त्याच्यापासून लपवलंत तर त्याच्याकडे उरतं ते हेच.

एक मुलगा होता सहावीतला, सेमी इंग्लिशचा. अक्षर इतकं बारीक आणि एकमेकांत घुसलेलं की भिंग घेऊन बसावं लागेल. वहीच्या प्रत्येक पानावर लाल पेनाने "अक्षर सुधारणे" लिहिलेलं. पण चित्रं काढायचा तेव्हा त्याची रेघ एकदम स्वच्छ यायची, हात अजिबात अडखळायचा नाही, म्हणून मला शंका आली. म्हटलं काय रे, अक्षर खरंच असं आहे का तुझं?

"नाही. मुद्दाम काढतो."

"का?"

"वाचता नाही आलं तर टीचर फक्त अक्षर सुधार असं लिहितात. वाचता आलं की सगळ्या चुका दिसतात ना."

अकरा वर्षांचं पोर. इतका विचार करून त्याने स्वतःसाठी लपायला जागा केली होती आणि घरी सगळे त्याला सुलेखनाच्या वह्या आणून देत होते. त्याच्या आईला मी तयार केलं, मग आम्ही तिघं बसलो आणि त्याला त्याचाच रिपोर्ट दाखवला. तपासणीत बुद्ध्यंक काढतात तेव्हा बऱ्याच वेगवेगळ्या छोट्या टेस्ट असतात, त्यातल्या एकीत रंगीत ठोकळे जुळवून कार्डावरची नक्षी करायची असते आणि ती त्याला मस्त जमली होती. मी बोट ठेवून दाखवलं की हे बघ इथे तू तुझ्या वयाच्या बहुतेक मुलांच्या पुढे आहेस. आणि हे बघ, इथे वाचनात तू तिसरीच्या आसपास आहेस. एकाच डोक्यातल्या दोन गोष्टी आहेत ह्या. तो बराच वेळ कागदाकडे बघत होता, वाचत नव्हता, नुसता बघत होता, आणि मग त्याने जे विचारलं ते ऐकून त्याची आई रडायला लागली.

"म्हणजे मी मंदबुद्धी नाहीये ना?"

हा शब्द त्याला वर्गात कोणीतरी चिकटवला होता. तो तीन वर्षं मनात घेऊन फिरत होता आणि घरात कोणालाही पत्ता नव्हता. आई म्हणाली, अरे वेड्या, कधीच नव्हतास, तेव्हा तो चिडून म्हणाला की मग आधी का नाही सांगितलंत.

यात नियमाने पण त्याची बाजू खरी आहे. अध्ययन अक्षमता म्हणायची तर आधी बुद्ध्यंक ठीक आहे हे बघावं लागतं, सरकारी सर्टिफिकेटसाठी तर ८५ च्या वर लागतो. म्हणजे "तू ढ नाहीस" हे त्या रिपोर्टातच आकड्यात लिहिलेलं असतं आणि आपण तोच कागद कपाटात वरच्या खणात टाकतो.

आता मनाचं काय होतं ते जरा सविस्तर लिहिते, कारण पालकांना वाटतं वाचन सुधारलं की आपोआप सगळं सुधारेल. वाचता न येणं हे पोहता न येण्यासारखं नाहीये हो. पोहता येत नसेल तर माणूस तलावावर जात नाही, विषय संपला. वाचता न येणाऱ्या मुलाला आठवड्याचे पाच-सहा दिवस, रोज पाच-सहा तास, ४०-५० मुलांसमोर तेच करायला लावतात जे त्याला येत नाही. उभं राहून धडा वाच. फळ्यावर येऊन लिही. वह्या बदला आणि शेजाऱ्याच्या चुका मोजा. मोठ्या माणसाला अशी नोकरी दिली तर तो महिन्याभरात राजीनामा देईल.

मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग केले होते, त्यात असं दिसलं की काहीही केलं तरी त्रास टळत नाही असा अनुभव वारंवार आला की पुढे सुटायची वाट समोर असली तरी प्राणी ती शोधतच नाही, पडून राहतो. शिकलेली असहायता म्हणतात त्याला. वर्गात मागच्या बाकावर बसून पेनाचं टोपण चघळणारं पोर बघितलं की मला तेच आठवतं. त्याने अभ्यास केला तरी दहापैकी दोन, नाही केला तरी दहापैकी दोन. मग का करावा?

दुसरं म्हणजे भीतीचा थेट परिणाम वाचनावर होतो. वाचताना मेंदूला अक्षर ओळखणं, आवाज जोडणं, मागचा शब्द लक्षात ठेवणं हे सगळं एकदम करावं लागतं आणि मनात धाकधूक असेल तर ती पण तिथलीच जागा खाते. म्हणून माझ्यासमोर बरं वाचणारं मूल वर्गात त्याच धड्यावर गप्प होतं आणि टीचरना वाटतं नाटक करतोय. नाटक नसतं ते. भीतीने वाचन बिघडतं, वाचन बिघडलं की भीती वाढते, आणि त्या चक्रात नुसतं रेमेडियल ओतत राहून फार फायदा होत नाही.

हे बाहेर कसं दिसतं तर प्रत्येक पोराचं वेगळं. शुद्धलेखनाच्या दिवशी पोट दुखणं हे तर ठरलेलं, आणि ते खरंच दुखतं बरं का, मुलं खोटं बोलत नाहीत, रविवारी संध्याकाळी सुरू होतं आणि शनिवारी कधीच नसतं. काही जण वर्गातले जोकर होतात कारण जोकर म्हणून हसलेलं चालतं, चुकला म्हणून हसलेलं चालत नाही. काही मारामारी करतात. काही डायरी हरवतात, पेपर दडवतात, आई-बाबांच्या खोट्या सह्या करतात. मुली बऱ्याचदा एकदम शांत, कोणाला त्रास नाही, म्हणून त्यांच्याकडे लक्षच जात नाही आणि आठवी-नववीत एकदम सगळं बाहेर येतं. त्यात पुष्कळ मुलांना एलडीच्या जोडीला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) पण असतं, म्हणजे आधीच बसवत नाही आणि त्यात बसून जे करायचं ते येत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांबद्दल एक वेगळं सांगायचंय. लोकांना वाटतं डिस्लेक्सिया (एलडीतला वाचनाच्या अडचणीचा प्रकार) म्हणजे बी आणि डी उलटं लिहिणं, म्हणजे इंग्रजीचं दुखणं. आपल्याकडे मराठीत पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर. रफार लिहायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर पण म्हणायचा त्याच्या आधी. भ आणि म, घ आणि ध, ख वाचायचा की रव. या पोरांचा जीव मेटाकुटीला येतो आणि आपण म्हणतो मातृभाषा आहे, त्यात काय अवघड. आकड्यांचं तर विचारूच नका, एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येतं आणि लिहायचं २ ने सुरू करून, पंचवीस म्हणताना पाच आधी येतं आणि लिहायचं नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसच्या जोडीला वीस पाच असंही वाचन दिलं होतं, मंगला नारळीकर त्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, विनोद काय, भाषणं काय. मला त्या वेळी फार वाईट वाटलं होतं, कारण डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांची एलडी असलेल्या मुलासाठी ती छोटीशी सोय म्हणजे रोजची एक फजिती कमी होती. मराठीत तपासणीची साधनं नाहीत असं अजूनही काही जण सांगतात, तर मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेलं डाली हे साधन २०१५ पासून आहे, हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही, आणि त्यातली पहिली-दुसरीची आणि तिसरी ते पाचवीची प्राथमिक चाचणी शिक्षकच वर्गात घेऊ शकतात. शाळेने कानावर हात ठेवायचं कारण नाही.

बरं, सांगायचं कसं. सगळं एकदम एका बैठकीत नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी किंवा रिझल्ट लागल्यावर रागाच्या भरात तर अजिबातच नाही. आई-बाबा दोघांचं आधी आपसात बोलणं झालेलं असावं, कारण बाबा म्हणतायत असं काही नसतं आणि आई म्हणतेय असतं, याच्यात मूल बाबांवर विश्वास ठेवतं आणि मग ते फक्त आळशीच उरतं. रिपोर्ट ज्यांनी केला त्या सायकॉलॉजिस्टना विचारा की तुम्ही आमच्यासमोर त्याला समजावून सांगाल का, बहुतेक जण आनंदाने सांगतात, फक्त कोणी विचारत नाही.

मी साधारण असं बोलते. तुझा मेंदू नीट आहे, हुशार आहे. अक्षरांचं काम तो वेगळ्या रस्त्याने करतो आणि त्या रस्त्याने वेळ जास्त लागतो. तू जन्मला तेव्हापासून तो तसाच आहे, तू काही चूक केली म्हणून नाही, आईने काही खाल्लं म्हणून नाही. बऱ्याच मुलांना असतं. याला नाव आहे. यासाठी शिकवायची वेगळी पद्धत आहे ती आपण करणार आहोत. आणि तुला इतके दिवस फार कष्ट पडले, ते कोणाला दिसले नाहीत. हे शेवटचं वाक्य मी कधीच गाळत नाही.

चष्म्याचं उदाहरण खूप जण देतात, जसा चष्मा लागतो तसं हे. मी देत नाही. चष्मा घातला की त्याच मिनिटाला फळा दिसतो, इथे तसं होत नाही, इथे दोन-तीन वर्षं घासावं लागतं, आणि मग मूल म्हणतं चष्मा लावला तरी दिसत नाहीये म्हणजे माझ्यातच खोट आहे. आइनस्टाइनचं पण नाव घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर त्याला डिस्लेक्सिया होता याला ठोस पुरावा नाही, आणि दुसरं म्हणजे आठवीतल्या पोराला पास व्हायची मारामार असताना तुम्ही त्याच्या डोक्यावर आइनस्टाइन आणून बसवताय. त्याला कशात बरं जमतं ते त्याचं स्वतःचं सांगा. ढोल चांगला वाजवतो, आजोबांचा रेडिओ उघडून दुरुस्त केला, लहान भावाला झोपवतो. खरं असेल तेच सांगा, उगाच वाढवून नको, या मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

सांगितल्यावर सगळं गोड होतं असं नाही हे पण लिहायला हवं. काही मुलं रडतात, काही चिडतात, काही आठवडाभर बोलत नाहीत. दुःख करायला थोडा वेळ द्यावा लागतो. आणि ज्यांच्या मनात खूप खोल गेलंय त्यांना नुसतं सांगून पुरत नाही, तिथे काउन्सेलर लागतो.

इथे पालकांचा एक गोंधळ होतो तो सोडवते. माझ्यासारखी रेमेडियल टीचर वाचन-लेखन-गणित शिकवते. मी प्रेमाने बोलते, ऐकून घेते, पण मी थेरपिस्ट नाही. काउन्सेलर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मनावर काम करतात, लहान मुलांबरोबर खेळातून, चित्रातून, मोठ्यांबरोबर विचारांवर, म्हणजे "एक पेपर वाईट गेला" पासून "माझं आयुष्य वाया गेलं" पर्यंत मूल एका उडीत कसं पोचतं आणि ती उडी कशी थांबवायची. आणि सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर, ते गरज असेल तर औषध देतात. एलडीवर गोळी नाहीये, कोणी टॉनिक किंवा मेंदूचे थेंब विकत असेल तर पैसे वाचवा. पण एडीएचडी, तीव्र चिंता, डिप्रेशन यांच्यावर उपचार आहेत आणि ते घेतल्यावर मूल शिकायला मोकळं होतं. एका मुलीचं औषध सुरू झालं तेव्हा तिच्या आजीने मला फोन करून खूप सुनावलं होतं, पोरीला वेडी ठरवताय म्हणून. त्याच आजी आता तिला घेऊन येतात.

कधी थांबायचं नाही तेही सांगते. झोप उडाली, खाणं सुटलं, आवडीचा खेळ पण नको झाला, शाळेत जाणंच बंद, स्वतःला चिमटे काढणं, मारून घेणं, ओरबाडणं. आणि "मी नसतो तर बरं झालं असतं" यासारखं एक जरी वाक्य कानावर आलं तर ते नाटक आहे की खरं याची परीक्षा घरी घेत बसू नका. त्याच दिवशी जवळ बसा, सरळ विचारा की तुला मरावंसं वाटतं का. असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो असं काही नसतं, उलट मूल बोलतं होतं. एकटं सोडू नका आणि डॉक्टरकडे न्या. रात्री-अपरात्री कोणाला विचारायचं असेल तर टेलिमानस आहे, १४४१६, सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलंय, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्यासाठी कुठलं सर्टिफिकेट लागत नाही, पालकांना स्वतःला बोलायचं असेल तरी चालतं.

पैशाचा प्रश्न खरा आहे, खाजगीत दर आठवड्याला रेमेडियल आणि वर काउन्सेलिंग सगळ्यांना झेपत नाही. मुंबईत सायन, केईएम, नायर या महापालिकेच्या हॉस्पिटलांत तपासणी होते, नंबर लागायला वेळ लागतो म्हणून दहावीची वाट न बघता चौथी-पाचवीतच जा. जिल्ह्याच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून सोय आहे. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि त्याच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी दोन्ही आहेत. शाळेत तपासणीला गाडी येते ती याचीच, तेव्हा नुसते दात आणि वजन बघून पाठवू नका, टीचरनी आणि पालकांनी तोंड उघडून सांगा की याला वाचायला त्रास होतोय, मग पुढे जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन १९९६ पासून काम करतेय. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, मनाच्या आरोग्यावर मराठीतून बोलायची सवय आपल्याकडच्या पुष्कळ घरांना त्यांच्यामुळे लागली असं मला मनापासून वाटतं.

शाळेबद्दल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, १९९५ च्या जुन्या कायद्यात ती नव्हती. आणि कायद्याने शाळांना सांगितलंय की अशी मुलं लवकरात लवकर ओळखा आणि शिकवण्यात योग्य ते बदल करा. तरी मला अजूनही ऐकू येतं की आमच्या शाळेत अशी मुलं नाहीत. नसतील कशी? ती असतात, फक्त त्यांना दुसरं नाव दिलेलं असतं.

कन्सेशन म्हणजे जास्तीचा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर, एक भाषा सोडून दुसरा विषय, हे सगळं उपयोगाचं आहेच. पण कन्सेशन घेणं हेच एका मुलासाठी किती कठीण असतं हे आपल्या लक्षात येत नाही. वेगळ्या खोलीत बसायचं. आपल्यापेक्षा एक इयत्ता खालचा मुलगा लेखनिक म्हणून येणार, तो कदाचित आपल्याच बिल्डिंगमधला. बाकीचे म्हणणार तुझं काय, तुला तर फुकटचे मार्क मिळतात. मी अशी मुलं बघितलीत ज्यांनी सर्टिफिकेट असून दहावीला लेखनिक नाकारला. ज्याला आधी कधी सांगितलंच नाही की तुला काय आहे आणि ही सोय तुझा हक्क का आहे, त्याला दहावीच्या डिसेंबरमध्ये एकदम सांगायचं की तुझ्यासाठी दुसरा लिहिणार, तर तो नाहीच म्हणणार ना. आठवीपासून घटक चाचणीत सवय करा. लेखनिकाला सांगणं हे पण शिकावं लागतं, डोक्यात उत्तर आहे ते तोंडाने सलग बोलायचं, स्वल्पविराम सुद्धा सांगायचा, मध्ये थांबायचं. ते जमायला लागलं की पोरं स्वतः म्हणतात अरे हे तर मला येत होतं.

शिक्षकांकडून मला फार मोठं काही नकोय, ६० मुलांचा वर्ग मी पण घेतलाय. अचानक उठवून वाचायला लावू नका, लावायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगा की उद्या हा परिच्छेद तुझा, तो घरी करून येतो. इतिहासाच्या पेपरात शुद्धलेखनाचे मार्क कापू नका. सगळं पान लाल करू नका, दोन चुका निवडा आणि त्याच सुधारा. आणि जेवणाच्या सुट्टीत राहिलेलं लिहायला बसवू नका, ती वीस मिनिटं म्हणजे त्या पोराच्या दिवसातली एकमेव वेळ असते जेव्हा तो बाकीच्यांसारखा असतो.

घरी पण हेच. चित्रकला, क्रिकेट, तबला बंद करून तो वेळ अभ्यासाला लावणं हे सगळ्यात वाईट, कारण जिथे त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं तीच जागा तुम्ही काढून घेताय. भावंडांना पण त्यांच्या वयाप्रमाणे खरं सांगा, नाहीतर "त्याला अभ्यास नाही केला तरी ओरडत नाही" असं धुमसत राहतं.

आणखी एक, आठव्या वर्षी काढलेलं सर्टिफिकेट चौदाव्या वर्षी पुन्हा तपासून घ्यावं लागतं आणि मग अठराव्या. चौदावं म्हणजे आठवी-नववी, बरोबर तेच वय जेव्हा मूल स्वतःबद्दल सगळं नव्याने विचारायला लागतं. मी पालकांना म्हणते हॉस्पिटलच्या खेपा होणारच आहेत तर त्या निमित्ताने पुन्हा एकदा बसा त्याच्याबरोबर, कारण आठव्या वर्षी जे सांगितलं ते त्या वयाचं होतं, आता त्याला वेगळे प्रश्न पडलेले असतात. कॉलेजला काय करू, माझ्या मुलांना पण असेल का, हे कधी जाणार का. शेवटच्याला मी सरळ सांगते की पूर्ण जात नाही, पण वाचन सुधारतं, आणि शाळा संपली की कोणी उभं करून मोठ्याने वाचायला लावत नाही. अनुवांशिक असू शकतं का याला पण हो म्हणते, बऱ्याच घरांत असतं. अशा वेळी कधी कधी बाबा पहिल्यांदाच तोंड उघडतात की मला पण असंच व्हायचं, मला छड्या बसायच्या, आणि पोरगा बाबांकडे असा बघतो की विचारू नका.

आणि कोणाला सांगायचं ते त्याला ठरवू द्या. घरातल्यांना आणि शाळेला सांगावं लागतं ते ठीक, पण सोसायटीतल्या काकूंना, ट्यूशनच्या मित्रांना, मामाच्या मुलांना हे तुम्ही परस्पर सांगायचं नाही, तो समोर असताना त्याच्याबद्दल बोलायचं तर अजिबात नाही. मी मुलांना कागद देते आणि विचारते की तुला कोणाला सांगावंसं वाटतं, नाव लिही किंवा चित्र काढ. सातवीतल्या एका मुलीने आधी फक्त एका मैत्रिणीचं नाव लिहिलं होतं, चुकीच्या वेलांटीसकट. दिवाळीनंतर तिने तोच कागद मागून घेतला आणि त्यात पीटीच्या सरांचं नाव घातलं, कारण त्यांनी तिला खो-खोच्या टीमची कॅप्टन केलं होतं आणि खेळाडूंची यादी लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं. सरांना तिने स्वतः जाऊन सांगितलं. यादी आता टीममधली दुसरी मुलगी लिहिते आणि कोण कुठे बसणार ते कॅप्टन म्हणून हीच सांगते.